उजेडासमोर

तेवीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
ताव उजेडासमोर धरायचा.
धागा सलग दिसला की पुढे,
तुटका असला की लाल पेन्सिल.

लघवीत रक्त दिसलं,
तेव्हा जेलरोडचे डॉक्टर म्हणाले, या वयात होतं.
चार महिने मी या वयात राहिले.

मग मुंबई नाका, दुसरा मजला, डॉक्टर ऐनापुरे.
तिनं केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
हे मूत्राशय, हे गर्भाशय, ही योनीची पुढची भिंत.
पूर्वी सगळं सरसकट काढायचे, म्हणाली.
रत्नाकर दाराकडे बघत होता.
चहा आणतो म्हणाला.

तो गेल्यावर विचारलं.
पहिल्यांदा मलाच ऐकू गेलं नाही,
म्हणून परत:
जाणीव राहील का? तिथली?

वाटलं, हसेल. छप्पन्न वर्षांची बाई.
तिनं पेनचं टोपण पुन्हा काढलं
आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना
दोन रेघा ओढल्या, केसाएवढ्या.
"या नसा. पुरुष पहिल्याच भेटीत विचारतात.
बायकांत यंदा तुम्ही दुसऱ्या."

गाठ वरच्या अंगाला आहे, म्हणून प्रयत्न करता येईल.
पण आधी गाठ, मग रेघा.
पोट उघडल्यावर ठरवीन. शब्द देत नाही.

शब्द न देणाऱ्या माणसाच्या हाती
मी पोट दिलं.

सात तास लागले. मला आठवतो फक्त
डोक्यावरचा गोल दिवा,
आणि गुंगीत आलेला एक विचार:
बाई, नीट धर.

डावी बाजू वाचली, तिनं सांगितलं. उजवी अर्धी.
खोटं बोलली असती तरी चाललं असतं,
तेव्हा.

आता आतड्याची पिशवी आहे.
भरली तरी सांगत नाही, म्हणून गजर.
रात्री दोन. पहाटे पाच.
रत्नाकर माझ्याआधी उठतो,
नळ बारीक सोडतो, मला यावी म्हणून,
आणि पाठ करून उभा राहतो,
दात न घासता ब्रश हातात धरून.
आम्ही यावर कधी बोललो नाही.

नवव्या महिन्यात एका रात्री
त्याचा हात, झोपेत की जागेपणी, कोण जाणे.
खूप खाली, खूप आत
थोडी ऊब.
मग थोडी ओल,
कागद दमट होतो तेवढीच.
डावीकडूनच असणार, मी ठरवलं.

दिवा लावला नाही.
गजराला अजून चाळीस मिनिटं होती.