पसंतीक्रम

कॅफेतला विजयकुमार म्हणतो, नंबर एकचं कुठलं ते बोला,
मागं गिऱ्हाईक थांबलंय.
पडद्यावर पाच गावं एकाखाली एक :
परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ.
पदवी सगळीकडं तीच, साडेपाच वर्षांची.
नायना बोटांच्या पेरांवर मोजतात
साडेपाच वर्षं म्हणजे किती चादरी,
पेरं संपतात, पुन्हा अंगठ्यापासून धरतात.

नीटचा निकाल बघून अत्ता म्हणाली होती,
थोडे अजून पडले असते
तर माणसांची झाली असतीस.

आमच्या घरात जनावर कधी नव्हतंच.
माग होते चार. झोपेतही ऐकू यायचे,
बंद पडले की जाग यायची.
आणि भिंतीपलीकडं हाजराबीची शेळी.

ती अडली त्या रात्री
दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी होती,
दोन वर्षांपासून रिकामीच.
रेवणसिद्धमामा आले, परिचर, सायकलवर, बनियनवरच.
त्यांनी आपला पंजा बघितला, मग आमचे सगळ्यांचे.
बारका हात कुणाचा हाय?
कोपरापर्यंत साबण लावला मला.

आत काही दिसत नाही, अर्थातच.
पण फणीत तुटलेला धागा
आम्ही कुठं बघून शोधतो?
बोटाला एक गुडघा लागला, दुमडलेला.
मागं ढकल, मामा म्हणाले, घाई नको, कळ येऊन जाऊ दे,
आता खूर मुठीत धर, त्याचं टोक आत कुठं लागू देऊ नको.
हाजराबी काहीतरी पुटपुटत होती.
मी ओढलं नाही. ते आलं.
मामांनी नाकातला चिकटा पुसला, गवताची काडी फिरवली,
आणि ते शिंकलं.

दुसऱ्या दिवशी मी मामांनाच विचारलं, कॉलेज कुठलं चांगलं?
ते पेट्रीतल्या सुया उकळत होते.
कुठलं चांगलं म्हणून मला काय विचारायलीस ग,
मी सातवी पास.
मग स्वतःच बोलत सुटले.

बत्तीस वर्षांत नऊ डॉक्टर बघितले मी.
परळचे एक आले, कुत्र्याच्या कानातलं सगळं कळायचं त्यांना,
म्हशीच्या मागं उभं राहायला भ्यायचे.
वर्षभरानं म्हैस त्यांची गाडी ओळखायली.
उदगीरच्या बाई गाईशी कानडीत बोलायच्या,
माणसांशी बोलायच्याच नाहीत.
परभणीचे साहेब, वासरू दगावलं
तर त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत.
नागपूरचे दोघं. एक हात धुवायचे नंतर,
एक आधी पण आणि नंतर पण.
दोघं एकाच बाकावर शिकलेले म्हणे.
आता ह्यात नंबर कसा लावायचा, तूच सांग.

सुया गार व्हायला ठेवल्या त्यांनी फडक्यावर.
शिरवळचं अजून कोण आलं नाही बघ इकडं,
म्हणाले, आणि बाहेर
रांगेतल्या पहिल्या बैलाची वेसण धरायला गेले.

विजयकुमार टेबलावर बोटं वाजवतो.
एकदा लॉक केलं की बदलता येत नाही, मॅडम.
मी शिरवळ सांगते. मग उदगीर.
मग उरलेली तीन, जशी सुचतील तशी.
नायनांना वाटतं
मी उलटं वाचते आहे.
पावतीवर पालकाची सही लागते,
ते तेलुगूत करतात, सावकाश,
शेवटच्या अक्षराची वेलांटी रेघेबाहेर जाते.

पायऱ्या उतरताना त्यांचा एकच प्रश्न,
थंडी कुठं जास्त पडते, ह्यातल्या?
मला माहीत नाही, मी सांगते.
ते दोन पायऱ्या गप्प उतरतात.
मग डबल विणीची देतो, म्हणतात,
आणि रस्त्याच्या पलीकडं बघत राहतात
रिक्षा येते का ते.