वजा करून उरलेलं

हायलुओतो बेटावर वडील तरुण होते
तेव्हा सगळ्या नावांना मिळून हवेतली एकच वाट होती.
दोघं एकदम बोलले की नुसती खरखर.
बर्फ कुठे फुटला, जाळं कुणाचं गेलं, कळायचंच नाही.
मग दोघंही गप्प.
थोडं थांबून, ज्याच्या त्याच्या मनाने, पुन्हा.
'अंदाजाने बोलायचो,' वडील सांगत,
'आणि अंदाजानेच गप्प बसायचो.'

पुढे पट्टे वाटले गेले.
मधे पडीक जागा सोडली, कुणी बांध कोरू नये म्हणून.
आर्वोकाकाच्या पट्ट्यात वर्षभर कुणी शिरलं नाही.
तो स्वतःही बोलला नाही.
पट्टा मात्र त्याचाच.

मी औलूला शिकायला गेले
तेव्हा क्षणाच्या फोडी करायची रीत आली होती.
एका पट्ट्यात आठ जण,
पापणी लवायच्या आत संपणारी पाळी,
आणि तरी प्रत्येकाला वाटायचं, आपण सलग बोलतोय.
याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

मग ठरलं, बोला सगळे एकदम,
फक्त ज्याची त्याची खूण वेगळी ठेवा.
(जवळचा ओरडला की लांबचे बुडायचे.
त्याला हळू बोलायला शिकवण्यात माझी चार वर्षं गेली.)
मग धागे इतके जवळ विणले
की एकाच्या शिखरापाशी शेजाऱ्याचं शून्य यावं.

आता आम्ही मुद्दामच
एका पट्ट्यात, एका क्षणात, दोन आवाज ठेवतो,
एक ठळक, एक क्षीण.
आधी ठळकाला समजून घ्यायचं,
शेवटच्या अक्षरापर्यंत. अर्धवट चालत नाही.
मग त्याला वजा करायचं.

रविवारी बेटावर गेले होते.
उर्हो टेबलावर हात आपटत नाव विकायचं बोलत होता,
किंमत, गिऱ्हाईक, इंजिनाला लागलेला गंज.
खिडकीपाशी वडील.
अर्धांगवायूनंतर त्यांचा आवाज
कपातल्या वाफेएवढा.

मी उर्होचं सगळं ऐकलं. मन लावून.
त्याचं कर्ज, त्याची पाठ, त्याला बेटाचा आलेला कंटाळा.
तो खोटं बोलत नव्हता.

मग त्याला बाजूला काढलं
तेव्हा खालून आलं,
तुटक, पण स्वच्छ:
'वारा उत्तरेचा आहे.
दोर आवळलाय का कुणी?'

मी कोट घातला.