तिसऱ्या अंकातला ड्रॉवर

टेबल मिळालं खाण कंपनीच्या बंद ऑफिसातून.
वॉचमनला दोनशे रुपये आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची,
सरपंचाच्या बाजूला नको, एवढीच त्याची अट.
कायतानच्या पिकअपमधून ते पिळगावात आलं
चारी पाय वर,
उताण्या कुर्लीसारखं.

नाटक विनोदी. नाव 'फाईल वर गेली आहे'.
सात पुरुष, एक स्त्री;
ती फोंड्याहून, नाईटवर,
दोनच तालमींना येणार, सोमवारी नाही.
लिहिलं आमच्याच घनःश्याम मास्तरांनी,
ज्यांचं पेन्शन सव्वीस महिने
पर्वरीत या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतंय.
लोक विचारतात, एवढं सुचतं कसं हो?
मास्तर म्हणतात, सुचतं कुठे, उतरवून घेतो.

मी प्रॉम्प्टर.
इथल्या प्रत्येक कंसाला आणि सुभेदाराला
त्याचा संताप
पंधरा वर्षं मीच पुरवत आलो, कुजबुजत,
मांडीवर वही, पायांना ओडोमॉस.

साहेबाचं काम सगुण वेळगेकरला,
कारण सफारी त्याच्याकडेच होता.
अकरा वर्षं तो त्याच खाणीवर टाइमकीपर;
हल्ली मेव्हण्याच्या दुकानात नारळ मोजतो.
टेबल पाहून एवढंच म्हणाला,
हे वजनकाट्याजवळचं,
आणि खिशातल्या रुमालाने पुसलं.

पहिला अंक बरा गेला.
दुसऱ्यात शिपायाने स्टँपपॅड समजून
सोलकढीच्या वाटीत शिक्का बुडवला
तेव्हा बायकांच्या बाजूने शिट्टी आली.
(कुणाची, यावर अजून वाद आहे.)

तिसऱ्यात साहेबाने ड्रॉवर ओढायचा
आणि म्हणायचं, "फाईल इथे नाही."
तालमीत तो ड्रॉवर कधी उघडला नव्हता,
ओढल्यासारखं करायचं ठरलं होतं.
त्या रात्री उघडला.

सगुण थांबला.
मी वाक्य दिलं.
परत दिलं, जरा मोठ्याने.
तिसऱ्यांदा पहिल्या रांगेतून वॉचमननेच दिलं.
सगुणने आतून एक लांबडी वही काढली, फुंकर मारली,
उजेडात तांबडी धूळ उठली.
ती आमच्याकडे कुणाला ओळखून द्यावी लागत नाही.

"उमाकांत घाडी."

माझ्या वहीत असं पात्र नव्हतं.

"उमाकांत घाडी!"
हा आवाज सकाळी सातचा.
मागून, चणेवाल्याच्या बत्तीपाशी, कुणीतरी म्हणालं, हजर.
लोक हसले.
"कायतान फर्नांडिस."
लाइटच्या शिडीवरून: "हजर, पात्रांव!"
मोठा हशा.
"जयवंत मळीक." हजर.
"सोनू गावस, टिपर नंबर दोन." हजर, हजर.
आता अर्धेच हसत होते,
बाकीचे कान देऊन बसलेले,
आपलं येतं का.
"बाबल तोरस्कर."
जनरेटर तेवढा चालू.
"बाबल तोरस्कर..."
मग बायकांतून त्याची आई,
"अरे, तो रस-ऑम्लेट खायला गेलाय!"

मंडप फुटला.
मास्तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून
हसत होते, की काय करत होते ते.

शिपाई हुशार.
चहा घेऊन दोन पानं आधीच आत शिरला:
"साहेब, आणि यांचे पगार?"
हेही वहीत नव्हतं.
सगुणने ड्रॉवर ढकलला. तो अडकला.
गुडघ्याने ढकलला.
"फाईल वर गेली आहे," म्हणाला,
आणि मी न सांगताच
पडदेवाल्याने दोरी सोडली.

सकाळी टेबल परत नेलं.
वॉचमनने पाय मोजले, चार.
रजिस्टरात लिहिलं, टेबल नग एक, जमा.
वहीचं त्याने विचारलं नाही,
आम्ही काढलं नाही.

पुढचा प्रयोग मयेत, शिगम्याला.
तिथली माणसं वेगळी, नावं वेगळी.
काल नारळ मोजता मोजता सगुण विचारत होता,
त्यांच्या खाणीचं टेबल
मिळेल का बघ.