अधिक साडेपाच

वडणग्याहून आक्काताई मगदूम आल्या
राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, तीन जिने चढून.
रबरात गुंडाळलेली दोन पासबुकं टेबलावर टाकून म्हणाल्या,
“एक एप्रिलचं सकाळचं दूध कुठं गेलं?
साडेचार लिटर. फॅट सात पॉइंट दोन.
म्या सोता घातलंय. म्हशीला इचार पायजे तर.”

मी शोधलं.
सभासद दोनशे अकरा. एक एप्रिल ते एक एप्रिल.
संध्याकाळचं दूध वर आलं, सकाळचं नाही.
उलट दोन तारखेची पहाट तिथं येऊन बसलेली,
शेजारच्या मांडवात चुकून जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखी,
स्वतःची वेळ अंगावर घेऊन: दोन एप्रिल, चार बावन्न.

एक तारखेची पहाट सापडली एकतीस मार्चात.
मागच्या वर्षाचा फरक एकतीसच्या रात्रीच मोजून बंद,
नव्या वर्षाचा एकपासून सुरू,
आणि मधल्या फटीत
साडेचार लिटर, अजून कोमट.

कसं सांगायचं त्यांना,
की यंत्र प्रत्येक नोंद परक्या घड्याळात ठेवतं,
शेपटीला एक ‘झेड’ लावून,
आणि त्याची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच;
की उजाडल्यावर किटली घेऊन येणाऱ्यांचं
तीन वर्षांत एक थेंब हललं नाही,
हललं ते फक्त पहिल्या रांगेतल्यांचं.
ती ओळ माझीच होती.
रात्री दोन वाजता लिहिलेली,
म्हणजे यंत्राला विचाराल तर आदल्या दिवशी.

संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावला.
भुजगोंडा हसले. “सूर्य उगवल्याबिगर वार बदलत न्हाई, भावा.
पंचांग काढून बघ. तुझं मशीन शाणं हाय.”
खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं.
चूक नव्हतीच जणू, जुनं शास्त्र होतं,
माझ्या हातून नकळत पाळलं गेलेलं.

फोन स्पीकरवर होता.
आक्काताई म्हणाल्या,
“मग चारला उठून शेण काढलं
ते कुणाच्या दिवसात धरायचं?”
भुजगोंडा खोकले.

शोधाच्या ओळीत पट्टा घातला, अधिक साडेपाच.
एवढंच.
नोंदींना हात लावला नाही,
त्या होत्या तिथंच आहेत, झेडसकट;
आता विचारताना फक्त आधी सांगतो,
कुठून विचारतोय.

एक एप्रिल ते एक एप्रिल.
चार बावन्न. साडेचार. सात पॉइंट दोन.
त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, आकड्याच्या खाली,
पासबुकातल्या आकड्याच्या खाली दुसरं,
आणि दोन्ही बोटं बराच वेळ तशीच राहिली.

तीन वर्षं, तीन एक एप्रिल, सत्तावीस सभासद.
दोनशे अकराच्या वाटणीला निघाले एकेचाळीस रुपये.
मला लाज वाटली रक्कम सांगायची.
त्यांना नाही. लिहून दे म्हणाल्या, सही कर,
तारीख घाल.
मी पेन उचललं आणि थांबलो.
“आजची,” त्या म्हणाल्या. “हितली.”

जाताना जिन्यावरून ओरडल्या,
बाकीचे सव्वीस काय इथवर यायचे न्हाईत,
तूच ये, उद्या, काटा सुरू व्हायच्या आत.

रात्री गजर लावला चार वाजताचा.
फोन म्हणाला: पाच तास बारा मिनिटांनी.
वार सांगितला नाही.