चौथा पाय

जनरल पोस्टाच्या घुमटाखाली, तिकीटशौकिनांच्या खिडकीवर
आज नवी मालिका आली: मुकी जनावरं आणि आपण.
पाच पाच रुपयांची पाच तिकिटं.
हौदावरचा बैल, पंखाला पट्टी बांधलेली घार,
झापडं काढलेला म्हातारा घोडा,
बशीतल्या दुधाकडे बघणारं मांजर
आणि एक कुत्री.

मांजर बघून पार्सलवाले हसले.
आमच्या वजनकाट्यावर जी झोपते
ती दुधाकडे ढुंकून बघत नाही,
कांदळगावकरांच्या डब्यातला बोंबील बघते.

सकाळभर चिमटेवाले आले, भिंगवाले आले.
एकाने अख्खं शीट परत केलं,
कडेचा एक दात दुमडला होता म्हणून.
दात मोजले सगळ्यांनी.
जनावरं नुसती मधे होती.

पावणेएकला मी डबा उघडणार, तोच घाग आले.
नाव त्यांनीच सांगितलं, न विचारता.
परळच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर,
नखांच्या कडा अजून आयोडीनच्या रंगाच्या.
"त्यातली कुत्री तेवढी द्या."
सुटी मिळत नाही, म्हटलं, पट्टी पुरी घ्यावी लागते.
त्यांनी पंचवीस रुपये सुटे मोजले
आणि चष्मा सदऱ्याला पुसला.

"ही आमची खारी.
लालबागला बेकरीच्या मागे टेम्पोखाली आली.
मागचा डावा. डॉक्टर कापत होते तेव्हा
डोकं मी धरलं होतं तिचं.
मग एकदा फोटोवाला आला,
बिस्कीट दाखवून उभी केली तिला.
तोच फोटो हा. कान बघा, दुमडलेला."

आणि बोलता बोलता गप्प झाले.
"चार आहेत," म्हणाले.

मी भिंग लावलं. चार होते.
चित्रकाराने शेपटीखालून एक पाय काढला होता,
नखांसकट, सावलीसकट,
खऱ्या तिघांपेक्षा जरा सुबकच.

"दया आली असेल त्याला," मी म्हटलं.
काहीतरी म्हणायला हवं होतं.

"दया आम्हीपण केली," घाग म्हणाले,
"तिघांवर उभी केली."

मग एक पाकीट मागितलं.
पत्ता सावकाश लिहिला, पाटीवर गिरवावा तसा:
खारी, वॉर्ड दोन, परळ.
आत काय घातलं, मी पाहिलं नाही.
तिकीट जिभेवर नाही, स्पंजावर ओलं केलं.
"शिक्का कोण मारतं?"
मीच.

सगळे इथे एकच विनवणी करतात:
बाई, हलका मारा, कोपऱ्यावर मारा,
चित्र वाचवा.
पंधरा वर्षांत माझं मनगट तेवढंच शिकलंय.

घागांनी बोट ठेवलं. "इथे.
या पायावर. आणि शाई भरपूर."

मी मारला.
उचलला तेव्हा तिथे मुंबई होती, तारीख होती,
काळं गोल डबकं होतं,
आणि त्याच्या काठावर
खारी, तीन पायांची, कान दुमडून.

मागे उरलेल्या चाळीस शीटांवर
ती चारही पायांनी उभी. ती पाचपर्यंत विकायची होती.

मी पाकीट थैलीत टाकणार,
तर घाग दारातून परत वळले.
"वाळू द्या हं शाई.
ती सगळं आधी चाटून बघते."

डबा तसाच ठेवून
पाकीट दोन बोटांत धरून
मी पंख्याखाली उभी राहिले.