चिंधी

पहिल्याच फोनवर मॉरीन थॅकरेने मला एकवीस प्रश्न विचारले.
घरात कुत्रा आहे का. दिवसा कोण असतं.
मागच्या दाराची कडी लागते का, जिन्याला कठडा आहे का.
मीही तीस वर्षं, भूल देण्याआधी,
असंच विचारत आले:
दात कुठले खोटे, शेवटचं काय खाल्लं, किती वाजता.
म्हणून राग नाही आला.
वाटलं, बाई कामाची आहे.

ग्रिम्स्बीहून लाउथ, तिथून पुढे टेकड्यांमधली अरुंद वाट.
वामन गाडीत दोनदा म्हणाला, आपण फक्त बघायला चाललोय.
हे वाक्य मी पूर्वी त्याच्या आईच्या तोंडून ऐकलंय,
ती मंडळी आमच्याकडे आली होती तेव्हा.

चहा आला. मग वंशावळ आली:
पाच पिढ्या, प्रत्येक नावात चांदी नाहीतर सरदारकी.
वामनला स्वतःचा खापरपणजोबा ठाऊक नाही;
त्याने चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला.
मी दुसरा मागितला, आईबापांच्या हृदयाच्या तपासणीचा,
कारण या जातीत कधीकधी हृदयाची भिंत
मुकाट जाड होत जाते.
मॉरीन तेव्हा पहिल्यांदा हसली.
फाईल तिच्या हाताशीच होती.

चार पिल्लं. तीन पडद्यावर.
चौथं मी उचललं
आणि ते सैल पडलं,
मान, पाय, शेपूट, सगळं एकदम.
माझी बोटं आपसूक बरगड्यांवर गेली.
पंधरा सेकंदांत सात श्वास. ठीक.
"रॅगडॉल आहे," मॉरीन म्हणाली, "विश्वास बसला की अंग सोडून देते."
औषधाशिवाय इतकं सैल
माझ्या हातात आजवर कुणी पडलं नव्हतं.

कागदावर ती लेडी ऑगस्टा. घरी चिंधी.

डोळे मिटून दूध पिण्याची म्हण हिला लागू नाही,
दूध हिला पचतच नाही.
गुरुवारी मासळीची गाडी येते, तेव्हा खिडकीत बसते,
हॅडॉकचा एक तुकडा, उकडलेला, बिनमिठाचा.
बाहेर मात्र नाही.
जी कुणाच्याही हातात अंग टाकते
तिला रस्त्यावर सोडायचं नसतं.

बुधवारी आणि रविवारी विंचरणं. काखेत, पोटाखाली, कानांमागे,
तिथेच गुंता होतो, आणि ओढला तर कातडी सुटते.
हे काम वामन करतो,
ज्याने केतकीची एकही वेणी कधी घातली नाही.
केतकीने ब्रिस्टलहून फोनच्या पडद्यावर पाहिलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, बाबा, भांग वाकडा पडलाय.

पाचव्या वर्षी एक दाढ किडली.
दवाखान्याच्या दारात चिंधीने अंग सोडलं नाही.
माझ्या स्वेटरमध्ये नख्या रुतवून बसली.
मी एकेक सोडवली, अठराही,
कोवळ्या डॉक्टरला विचारलं, कुठलं औषध, किती,
नळी कुठल्या मापाची, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण.
तो अदबीने म्हणाला, तुम्ही याच क्षेत्रातल्या का?
संमतीच्या कागदावर सही करायची
ती जागा मला सापडेना.
हजारो लोकांना बोट ठेवून दाखवलेली जागा.
वामन गाडीत बसला होता, खिशात फणी.

रात्री ती उठली, अर्धी शुद्धीत,
पुढचा एक पाय भादरलेला,
डावीकडे झुकत, थेट जिन्याकडे.
मागून आम्ही दोघं, वाकून, हात पसरून,
एकेक पायरी.
कठडा आहे, मॉरीन.
सांगितलं होतं तुला.