दुसऱ्या गाण्यातला खोकला

अल्बमचं नाव ‘भट्टी नंबर चार’.
नऊ गाणी. जालन्यात, अझीमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात,
शटर ओढून, पंखा बंद करून केलेली.

पहिल्यातला दणका रोलिंग मिलबाहेरचा,
सळ्या ट्रकात पडताना धरलेला.
पाचव्यात ‘जरा सरका की’ म्हणणारी
अंबडच्या एसटीतली कोण होती, माहीत नाही.
सातव्यात सतार नाही, कितीदा सांगू,
अझीमच्या घरची कुकरची शिट्टी आहे,
उलटी फिरवून संथ केलेली.

ढोलकी मात्र कॅसेटवरची.
लेबलवर निळी शाई: जयंती, ९१, सटवाजी खिल्लारे.
चार मात्रा कापल्या,
तर पाचवीच्या तोंडाशी खोकला आला.
मी पुसायला निघालो.
प्रशिक म्हणाला, ऱ्हाऊ दे, तालात हाय.

आता गॅदरिंगला पोरं
त्या जागी बरोबर खोकतात,
सगळी एकदम.

डिसेंबरात पंचफुलाबाई आल्या. सटवाजींची लेक.
आम्ही घाईघाईनं पैशाचं बोलू लागलो.
त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या.
दादा जिनिंगला होते, म्हणाल्या,
कापूस बसला व्हता छातीत.
ढोलकी वाजवा तुम्ही, ती समद्यांची.
त्यो खोकला तेवढा काढून देता का मला,
निस्ता?

दीड सेकंद भरला.
ढोलकीची शेपटी थोडी राहिलीच त्यात,
निघेना.

कार्ड त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधलं,
शटरखालून वाकून जाताना म्हणाल्या,
पंखा कामून लावत न्हाईत रे तुम्ही?